मोतीची झूल

आमच्या घरी मोटार आली तेव्हा तिच्यासाठी सगळ्यात आधी खरेदी झाली ती दोरखंडाची.

आम्ही ग्वाल्हेरचे शिलेदार. आमचे पूर्वज घोड्यावर जगले आणि घोड्यावरच गेले (एक जण घोड्यावरून पडून गेले, पण ते घरात बोलायचं नाही). आबासाहेबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शेवटचा घोडा मोती म्हातारा होऊन वारला. त्याच सुमारास मुरारच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याची जुनी मोटार आबासाहेबांनी घेतली आणि ती मोतीच्या पागेत, मोतीच्याच जागी उभी केली. तोंड दाराकडे, आणि मागच्या चाकांना रीतसर पिछाडीचा दोर बांधलेला!

चालवायची कोणी? तर मी. मला इंग्रजी येत होतं आणि मोटार इंग्रजी होती, एवढ्या पुण्याईवर माझी नेमणूक झाली. पहिल्याच सकाळी मी ऐटीत गाडी बाहेर काढली, ती पिछाडीसकट आणि पागेच्या खांबासकट. छपराचा अर्धा भाग मागून आला. आबासाहेब एवढंच म्हणाले, की जनावर सोडण्याआधी त्याचे पाय मोकळे करायचे असतात.

पुढे रोज हेच. लांबून आली की गाडीला दुसऱ्या दिवशी विश्रांती. संध्याकाळी अंगाला तेल. एकदा तर टपावर गूळ-हरभऱ्याची वाटी ठेवलेली मी स्वतः पाहिली. कॉलेजातल्या मित्रांनी ती गोष्ट शहराच्या साऱ्या लष्कर भागात पसरवली, आणि मी गाडी घेऊन सराफ्यातून निघालो की लोक विचारत, "भैया, आज दाना खाया इसने?" मला घराण्याची लाज वाटे. आबासाहेबांना काही कळत नाही, हे माझं मत तेव्हापासून पक्कं होत गेलं.

मग दसरा आला.

दसऱ्याच्या दरबारात पहिल्या रांगेत बसण्याचा मान आमच्या घराण्याला होता. आबासाहेबांजवळ त्यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. जमीन आटली होती, घोडे संपले होते, पगडीची जरसुद्धा काळी पडली होती. पण वर्षातून एकदा ते त्या जागेवर जाऊन बसत, आणि पुढचं वर्षभर त्या बसण्यावर ताठ चालत. नियम एकच होता. नौबत झडली की दारं बंद. नंतर आलेला बाहेर, आणि पहिल्या रांगेत रिकामी जागा दिसू नये म्हणून मागचा माणूस पुढे, तोही कायमचा.

यंदा दरबाराला मोटारीतून जायचं ठरलं. सकाळी शस्त्रांबरोबर तिचीही पूजा झाली. हळदकुंकू झालं, नारळ झाला. मग आबासाहेबांनी पेटीतून मोतीची झूल काढली. लाल मखमलीची, जरीकाम केलेली. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी बॉनेटवर अशी पांघरली, की पुढची जाळी पार झाकली गेली. वर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार. आबासाहेबांचे डोळे भरून आले होते. मीही म्हटलं, छान दिसते! (त्या जाळीतून इंजिनाला वारा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. इंग्रजी मात्र येत होतं.)

दसऱ्याचं ऊन म्हणजे काय ते ग्वाल्हेरात राहिलेल्यालाच ठाऊक. रस्त्यात हत्ती, पालख्या, बघ्यांची गर्दी. गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, अंगावर मखमल. बाड्याच्या चौकाअलीकडे झुलीखालून वाफ निघू लागली. लोकांना वाटलं, धूप लावलाय. एका म्हातारीनं हात जोडले. मग आतून खदखद ऐकू आली, आणि गाडी दोन आचके देऊन उभी राहिली.

तेवढ्यात मागून टांगा आला. टांग्यात यशवंतकाका, आबासाहेबांचे चुलतभाऊ. दरबारात त्यांची जागा बरोबर आबासाहेबांच्या मागची. त्यांनी टांगा थांबवला आणि सरकून जागा केली.

"दादा, चला. वेळ होतोय."

आबासाहेबांनी एक पाय खाली ठेवलासुद्धा होता. मला ते सहन झालं नाही. भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर माझी मोटार सोडून टांगा? मी म्हटलं, आत्ता सुरू करतो, नुसतं पाणी हवंय. आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, यशवंतकाकांकडे पाहिलं, आणि पाय परत आत घेतला. मुलावर विश्वास ठेवला हो त्यांनी! टांगा निघून गेला.

पाणपोईवरून मी घडा उचलून आणला. गार, वाळ्याचं पाणी. झूल बाजूला केली, रेडिएटरचं झाकण काढताना हात भाजून घेतला, आणि घडा वर धरला.

"थांब," आबासाहेब म्हणाले. "दम लागलेल्या घोड्याला गार पाणी देत नाहीत. जरा सुस्तावू दे त्याला."

इतक्या दिवसांची चीड माझ्या तोंडून बाहेर पडली. "आबासाहेब, हा घोडा नाहीये!"

आणि मी घडा ओतला.

आतून 'टक्' असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फुटावी एवढा. मग वरून ओतलेलं पाणी खालून वाहू लागलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की इंजिनाला तडा जातो, हे मी असं शिकलो. वर्षभर आबासाहेबांच्या घोड्याच्या गोष्टी मी मुकाट ऐकल्या, आणि त्यातली जी एकच मोटारीला लागू होती, तेवढी ऐकली नाही!

दुसरा टांगा मिळाला नाही. आबासाहेब उतरले आणि अंगरखा सावरत, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात आपट्याची पानं घेऊन चालू लागले. मी हारासकट गाडीपाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं राजवाड्याकडून नौबत ऐकू आली. ते पोचलेले असणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी यशवंतकाका सोनं द्यायला आले, वाकून पाया पडले. त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. आबासाहेबांनी आशीर्वाद दिला, तोही नीट दिला. पुढच्या वर्षी काका तिथेच बसले, आणि आबासाहेब दरबाराला गेले नाहीत. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मोटार पागेत पडून राहिली. शेवटी भंगार घेणारा एक कबाडी तिला न्यायला आला. चारी बाजूंनी फिरला, ठोकून पाहिलं, आणि अदबीनं विचारलं, "हुज़ूर, इसमें खराबी क्या है?"

आबासाहेब झुलीची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "खराबी गाड़ी में नहीं थी."

कबाड्यानं गाडीकडे पाहिलं, मग हळूच माझ्याकडे. पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं. भला माणूस होता.

"माफ़ करना, हुज़ूर," तो म्हणाला, "हम सिर्फ़ लोहा लेते हैं."