वाघ्याचे रीळ

आनंदनगरच्या प्रयोगशाळेत आज ॲसिटिक ॲसिडची बाटली उघडली आणि त्या आंबट वासासरशी मी बदलापूर गावात, वसंतकाकांच्या खोलीत पोहोचले. काका थिएटरात प्रोजेक्टर चालवून निवृत्त झालेले. एका जुन्या मूक साहसमालिकेचे एकच रीळ त्यांच्यापाशी होते. त्यात शूर कुत्रा कड्यावरून नदीत झेपावतो आणि भाग संपतो. काका त्याला वाघ्या म्हणत. तो भिंतीवर धावू लागला की त्यांचा चेहरा उजळे.

मी दहा वर्षांची असताना रिळाला हाच वास येऊ लागला.

"हवा लागतेय, काका. डबा घट्ट बंद करायला हवा," असे बजावून मी झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली.

"ऐका आमच्या सायंटिस्टचं!" काका हसले.

वर्षभराने डबा उघडला. फिल्म आक्रसून चिकटली होती.

"म्हातारा झाला गं वाघ्या," म्हणत काकांनी प्रोजेक्टरवर कापड टाकले. ते पुन्हा काढले नाही.

जुन्या फिल्ममधून हे आम्ल आपोआप सुटते. कोंडले तर फिल्मला अधिक वेगाने खाते. एम.एस्सी.ला हे कळले, तेव्हा काका हयात होते. आल्यागेल्याला ते अभिमानाने सांगत, "वाघ्याला वाचवायला हिनेच धडपड केली हो."

मी शेवटपर्यंत गप्प राहिले.