पगारे मॅडमच्या नावावर

"कोणी केलं ते नको सांगूस. काय झालं ते लिही."

पार्टिशनच्या पलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी कंपनीत अगदी नवी होते आणि माझ्या टेबलावर अजून कॉम्प्युटरही आलेला नव्हता. मी मान जरा लांब करून पाहिलं. खालच्या वर्कशॉपमधला एक वायरमन एका बाईंच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर एका बोटाने काहीतरी टाइप करत होता. बाई त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या. खाली पार्किंगमध्ये मोटारसायकलींच्या रांगांशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बघत होत्या. तो "झालं ताई" म्हणून उठला, जिना उतरून गेला, तेव्हाच त्या वळल्या. स्क्रीनवरचं वाचलं आणि फोन उचलून खाली कोणालातरी सांगितलं, की तिसरं पॅनेल आज जाणार नाही, गिऱ्हाइकाला मी कळवते.

त्या पगारे मॅडम. आमची कंपनी सातपूरला, कारखान्यांना लागणारी कंट्रोल पॅनेल बनवणारी. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं आणि त्यांच्या पोटात वायरींची जाळी. कुठलं पॅनेल कुठवर आलं, कशासाठी अडलं, कधी जाणार, हे सगळं मॅडम बघायच्या. त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं, पण कंपनीने त्याची मोजकीच लॉगिन घेतली होती आणि शॉपच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नव्हतं. म्हणून मॅडमनी स्वतःचं लॉगिन सगळ्यांना मोकळं करून दिलं होतं. वायरमन, फिटर, टेस्टिंगची मुलं, ज्याला काही नोंदवायचं असेल तो वर यायचा, मॅडम खुर्ची सोडून खिडकीशी जायच्या आणि तो त्यांच्या नावाने लिहायचा. 'वायर उलटी लागली, परत करतो.' 'ड्रिल चुकलं, नवीन प्लेट पाहिजे.' खाली अशा कबुल्या आणि वर प्रत्येक ओळीला नाव एकच, पगारे.

मी मॅडमच्या हाताखाली होते. माझं शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातलं, मराठी घरात बोलण्यापुरती, आणि चारचौघांत तर तीही तोंडातून निघायची नाही. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "कॉन्व्हेंट, तुझा आवाज तुझ्यापाशी जपून ठेव बाई, पण मीटिंगमध्ये निदान मान तरी हलवत जा. लोकांना वाटतं फोटो लावलाय." त्या हसून बोलायच्या नाहीत, त्यामुळे टोमणा कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होतं हे मला बरेच दिवस कळायचं नाही. कौतुक तर फारच जपून करायच्या. एखादं काम मनासारखं झालं तर "हं" म्हणायच्या. शॉपमधली मुलं त्या 'हं'ची वाट बघायची हे मी स्वतः पाहिलं आहे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, की असं सगळं आपल्या नावावर का घेता. त्यांनी डब्यातली भाकरी मोडत तुटक तुटक सांगितलं. आधी त्या दुसऱ्या एका कारखान्यात होत्या. तिथे ज्याची चूक निघेल त्याला सकाळी सगळ्यांसमोर उभं करायचे. मग चुका निघेनाशा झाल्या. एक पॅनेल असंच कोणीतरी काही न बोलता पुढे ढकललं आणि गिऱ्हाइकाकडच्या इलेक्ट्रिशियनचा हात कोपरापर्यंत भाजला. "वायर कोणी लावली होती ते आजपर्यंत कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "चूक लपवली ना, की ती पॅनेलमध्ये बसून गिऱ्हाइकाकडे जाते. म्हणून मी म्हणते, टाका माझ्या नावावर, पण खरं टाका." मग डबा बंद करून त्यांनी मला लोणच्याचं तेल बोटांनी टेबलाला लावू नकोस म्हणून झापलं.

कंपनीचे मालक, मोठे साहेब, कमी येऊ लागले आणि त्यांचा मुलगा अद्वैत कारभार बघायला लागला, तेव्हा सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. अद्वैत सर वाईट माणूस नव्हते. उत्साही होते, सगळ्यांना नावाने हाक मारायचे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळणार होतं आणि शॉपमध्ये टॅबलेट बसणार होते. जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजीत उत्तरं देते म्हणून सरांना मी त्यांच्यातली वाटायचे. मी काही बोलत नव्हते, त्याचा अर्थ त्यांनी होकार असा लावला होता.

काम कंटाळवाणं होतं आणि मला आवडत होतं. जुन्यातून सगळ्या नोंदी एक्सेलच्या शीटमध्ये काढायच्या, कुठला रकाना नव्यात कुठे जाईल ते ठरवायचं, थोड्या नोंदी चढवून बघायच्या, बिघडल्या की पुसून परत. पहिल्या वेळी तारखांमधले दिवस आणि महिने उलटे झाले आणि निम्मी पॅनेल कित्येक महिने उशिरा जाणार असं दिसायला लागलं. मॅडमनी ते बघून "बरं झालं, जरा श्वास घेऊ" एवढंच म्हटलं. या सगळ्यात मला जुन्या कॉमेंट एकेक करून वाचाव्या लागल्या. पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. ते वाचता वाचता माणसं ओळखू यायला लागली. टेस्टिंगचा प्रशांत प्रत्येक वाक्यानंतर टिंबं टिंबं देतो. मनीषा सगळं कॅपिटलमध्ये लिहिते, जणू ओरडतेय. आणि बापू, म्हणजे पहिल्या दिवशी मॅडमच्या खुर्चीत दिसलेला वायरमन, तो सटाण्याकडचा. कितीही शुद्ध लिहायला गेला तरी शेवटी 'आहे'च्या जागी 'शे' येतंच, 'एवढंच बाकी शे' लिहून जातो. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "कॉन्व्हेंटला मराठी यायला लागली," म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "हे आणखी कोणाला सांगू नकोस."

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सोमवारी अद्वैत सरांनी मीटिंगरूमच्या भिंतीवर डॅशबोर्ड लावला. माणसागणिक एकेक पट्टी, वेळेत झालेलं काम हिरवं, उशिरा झालेलं लाल. सगळ्यांच्या पट्ट्या बोटभर आणि हिरव्या, कारण त्यांचं लॉगिनच त्या दिवशी जन्मलं होतं. मध्ये एकच पट्टी छतापर्यंत गेलेली आणि वरपासून खालपर्यंत लाल. खाली नाव पगारे. इतक्या वर्षांची सगळ्यांची चूक आणि सगळ्यांचा उशीर नव्या घरात एकट्या बाईच्या नावावर उतरला होता. मॅडमनी मान तिरकी करून पट्टी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "लाल मला तसाही शोभतो." लोक हसले. अद्वैत सर हसले नाहीत. त्यांना खरोखर धक्का बसला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी त्यांना मेल लिहिला, की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकच लॉगिन वापरायचे. मेलमध्ये मला धीटपणे बोलता यायचं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की असं असेल तर हा डेटाचा प्रश्न आहे, आपण सोडवू.

पुढचे काही आठवडे ती एक पट्टी सोडून भिंतीवर सगळं हिरवं राहिलं. टॅबलेटवर स्वतःचं नाव असल्यावर 'वायर उलटी लागली' असं कोण लिहिणार? मॅडमच्या खुर्चीत येऊन बसणं बंद झालं. मुलं जिन्यात भेटली की नजर चुकवायची. मॅडम मात्र रोज खाली उतरून एकेका पॅनेलपाशी जाऊन विचारायच्या आणि मुलं म्हणायची, झालं ताई, सिस्टिममध्ये टाकलंय. एक दिवस सिन्नरच्या एका कारखान्यातून पॅनेल परत आलं. सुरू करताच त्यांच्या माणसाला जळका वास आला आणि त्याने लगेच वीज तोडली, म्हणून कोणाला काही झालं नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्या पॅनेलची प्रत्येक पायरी हिरवी होती. मॅडम त्या उघड्या कपाटासमोर उभ्या राहून आत बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी कोणालाही टोमणा मारला नाही आणि त्याने सगळे जास्त घाबरले.

अद्वैत सरांनी यातून एक निष्कर्ष काढला, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर तो सरळ होता. शॉपमध्ये काही लोकांचं काम कच्चं आहे, ते आजवर मॅडमच्या नावाआड लपलं होतं. जुन्या नोंदींना खरी नावं लावा. मग कच्चे कोण ते कळेल, कंत्राटावरच्यांपैकी कोणाला पुढे ठेवायचं ते ठरवता येईल, आणि मॅडमवरचा ठपकाही पुसला जाईल. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये यावर बोलायचं होतं. बापू, मनीषा, प्रशांत, तिघंही कंत्राटावरचे.

गुरुवारी दुपारी मॅडम मला गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेल्या. चहा आला तेव्हा त्यांनी विषय काढला.

"उद्या तो तुला विचारेल. सांग, ओळखता येत नाही. तुला कोण पकडणार आहे?"

मी म्हटलं, मग सगळं लाल तुमच्या नावावरच राहील. सर तुम्हाला ठेवणार नाहीत.

"इतकी वर्षं माझ्याच नावावर आहे, आजच काय जड झालं? अगं, ती पोरं माझ्या भरवशावर खरं लिहीत गेली. आता तेच काढून त्यांच्या समोर धरायचं, तर मी कशाला उभी राहत होते तिथे खिडकीत? उन्हं खायला?" त्यांनी कप ठेवला. "तू नवी आहेस. तुझ्या अंगावर काही येता कामा नये. येत नाही म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमतंच."

हे त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या. मला ते दुपारभर टोचत राहिलं.

मॅडम आता आमच्या कंपनीत नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला, निदान कागदावर तसं आहे. निरोपाच्या दिवशी अद्वैत सरांनी त्यांच्याबद्दल चांगलं भाषण केलं आणि ते मनापासून होतं असं मला वाटतं. त्र्यंबक रस्त्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये त्या काम बघतात. तिथे चारच माणसं आहेत आणि सॉफ्टवेअर नाही. फोन केला की आधी विचारतात, बापू आहे का अजून. बापू आहे. मनीषा आणि प्रशांतही आहेत. भिंतीवरची ती लाल पट्टीही आहे. मॅडमचं लॉगिन बंद झालं, पण जुन्या नोंदींवरचं नाव हललेलं नाही, आणि ते बदलायचं काम त्या शुक्रवारनंतर कोणाला दिलं गेलं नाही.

त्या मीटिंगला आम्ही पाच-सहा जण होतो. अद्वैत सरांनी शीट पडद्यावर लावली. नावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत पगारे, पगारे, पगारे. त्यांनी कल्पना समजावून सांगितली आणि मॅडमना विचारलं, की तुम्हाला यातलं कोणाचं काय आठवतं का. मॅडम म्हणाल्या, माझ्या लॉगिनने लिहिलंय म्हणजे मीच लिहिलंय. सरांनी सुस्कारा सोडला. मग ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत, अगदी आपुलकीने म्हणाले, की या सगळ्या ओळी तू वाचल्या आहेस, लिहिण्याच्या पद्धतीवरून काही ओळखता येईल का, प्रयत्न करून बघशील का.

मॅडम टेबलाकडे बघत होत्या. येत नाही, सर. तीनच शब्द होते आणि ते माझ्या जिभेवर तयार होते. तेवढं म्हटलं असतं तर सरांनी मान डोलावली असती आणि सोमवारी हीच शीट खाली शॉपमध्ये नेली असती. बापूला विचारलं असतं, मनीषाची ओळ कुठली. मनीषाला विचारलं असतं, बापूची कुठली. सर थांबले होते. मी खुर्ची मागे सारली, का कोण जाणे उभी राहिले, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"ओळखता येतं, सर. प्रत्येक ओळ कोणाची आहे ते मला सांगता येईल. पण मी नावं लावणार नाही."