द्रौपदीबाई सांगायच्या, आम्ही निवडायचो

मुलुंड पूर्वेला आमचं एक वाचनालय आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगायची लाज वाटते. जे लेखक पदरमोड करून स्वतःच पुस्तक काढतात, त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी पुरस्कार देतो. ज्यांना प्रकाशक दारात उभं करत नाही, ज्यांच्या पुस्तकाची कुठे ओळही छापून येत नाही, त्यांच्यातून चांगलं ते शोधायचं, असा उदात्त हेतू. परीक्षक तिघं. कॉलेजातून निवृत्त झालेला मी, एकेकाळी मुख्याध्यापिका असलेल्या उत्तराताई आणि वाचनालयाचे कार्यवाह अनंतराव. पण शोध घेणारी बाई एकच होती, आणि तिला आम्ही झाडलोट करायला आणि पार्सलं फोडायला ठेवलं होतं.

द्रौपदीबाई कांजूरमार्गहून बसनं येत. माहेर उदगीरकडचं, शिक्षण दहावीपर्यंत. नवरा धोंडिराम मरोळच्या एका कारखान्यात होता, तो गेल्यावर त्या वाचनालयात लागल्या. पार्सल फोडलं की पुस्तक आवक रजिस्टरात चढवायचं, शिक्का मारायचा, कपाटात ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी आपणहून एक जास्तीचं काम लावून घेतलं. पुस्तक कपाटात ठेवायच्या आधी त्या ते वाचत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, लेखकानं बायकोचे मानलेले आभार धरून.

काय काय यायचं त्या पार्सलांतून! बोरिवलीच्या रिक्षावाल्यानं लिहिलेल्या भुताच्या गोष्टी, घाटकोपरच्या नर्सची रहस्यकथा, निवृत्त फौजदाराच्या विरहकविता, मंगळावरच्या मराठी वस्तीची कादंबरी, उपवासाच्या पदार्थांचं पुस्तक. द्रौपदीबाईंना कशाचंच वावडं नव्हतं. भुताचं पुस्तक त्या भुतासाठी वाचत आणि पदार्थांचं पुस्तक मिठाच्या मापासाठी.

पहिल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून मी फोन करून त्यांना विचारलं, की अमुक पुस्तकात काय आहे ते जरा सांगा. त्यांनी दहा मिनिटं सांगितलं, आणि मी ऐकतच राहिलो. डोळा महिन्याभरात बरा झाला. फोनची सवय अकरा वर्षं मोडली नाही.

त्यांचं सांगणं झकास असे. एका कादंबरीबद्दल म्हणाल्या होत्या, "सर, एकशे चौदाव्या पानावर माणूस मेलाय आणि एकशे तिसाव्यावर तोच चहा पितोय. तरी भाषा गोड आहे, लेखकाला परत लिहायला सांगा." फौजदाराच्या कवितांबद्दल म्हणाल्या, की शेवटच्या चार तेवढ्या खऱ्या, आधीच्या पन्नास सरावाच्या. मी हे सगळं जरा जड शब्दांत घालून अभिप्राय लिहीत असे. थोड्याच दिवसांत कळलं, की उत्तराताईही त्यांनाच फोन करतात. अनंतरावांना तर फोनचाही त्रास नव्हता, ते टेबलापाशी उभे राहून विचारत. मग आम्ही तिघं बैठकीला बसायचो, एकमेकांसमोर द्रौपदीबाईंचीच वाक्यं बोलायचो आणि आपलं किती एकमत होतं याचं कौतुक करायचो. चहा त्याच आणून देत.

या उद्योगातून माझं नाव झालं. नव्या लेखकांचा पारखी म्हणून मला अंबरनाथपासून वसईपर्यंत बोलावणी येत. शाली इतक्या जमल्या की बायकोनं त्यांची दुलई शिवून घेतली. ती आजही माझ्या अंगावर असते, आणि आता तिची मला किळस येते.

मागच्या वर्षी बत्तीस पुस्तकं आली. त्यात एक होतं 'इस्त्रीवाली', लेखिका द्रौ. धों. सोनकांबळे. वाचनालयात पगारपत्रकावर सही करायचे अनंतराव, तीही न वाचता. मला अकरा वर्षांत त्या बाईंचं आडनाव विचारायची गरज वाटली नव्हती. मी नेहमीसारखा फोन केला, एकेका पुस्तकाचं विचारत गेलो. 'इस्त्रीवाली'पाशी त्या थांबल्या.

"ते तुम्ही वाचा, सर," म्हणाल्या.

मी म्हटलं, वेळ कुठे आहे, दोन वाक्यांत सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, "त्याचं मी सांगणं बरं नाही. दीडशेच पानं आहेत. वाचा ना." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पुस्तकाचं सांगायला घेतलं. मला थोडा रागच आला. कामाचा कंटाळा करतात, असं मनाशी म्हटलं. हो, मी म्हटलं. उत्तराताईंनाही तेच उत्तर मिळालं होतं, अनंतरावांनाही. तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की बाई एकाच पुस्तकाबद्दल गप्प का.

त्या 'इस्त्रीवाली'ला बक्षीस मिळालं नाही हे सांगायला नकोच. पण आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. ज्यांना काही मिळत नाही अशा प्रत्येक लेखकाला परीक्षकाच्या सहीचं अभिप्रायपत्र जातं. उमेद राहावी म्हणून. त्या पुस्तकाचं पत्र माझ्या वाट्याला आलं. मी मुखपृष्ठ पाहिलं, आडनाव पाहिलं आणि दोन मिनिटांत पत्र लिहून मोकळा झालो.

समारंभ होऊन आठवडा झाला असेल. मी वाचनालयात पेपर चाळत बसलो होतो. द्रौपदीबाईंची मुलगी शीतल आईला न्यायला आली होती. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, बोलायला फटकळ. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"सर, आईच्या पुस्तकावर तुमचं लेटर आलं," ती म्हणाली.

कोणत्या आईच्या, कोणतं पुस्तक, मला काही उमजेना. तिनं पर्समधून पत्र काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "लेखिकेने आपल्या खडतर जीवनातील दाहक अनुभव प्रामाणिकपणे मांडले आहेत. शोषितांच्या वेदनेचा हा हुंकार मन हेलावून टाकतो. तथापि भाषेवर अधिक मेहनत हवी. लेखिकेने वाचन वाढवावे." खाली माझी सही.

"तुम्ही वाचलंत का ते पुस्तक?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, वाचलं. सत्तरी उलटलेला माणूस मी, त्या पोरीच्या तोंडाकडे बघत धडधडीत खोटं बोललो.

"मर्डर मिस्ट्री आहे ती, सर. मुलुंडच्या सोसायटीतला मर्डर आहे आणि घरोघरचे कपडे नेणारी इस्त्रीवाली तो शोधून काढते. त्यात वेदना कुठे दिसली तुम्हाला? हुंकार कोण देतंय, मेलेला सेक्रेटरी?"

मागे खुर्चीत कुणीतरी हसलं. द्रौपदीबाई कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "राहू दे गं शीतल, चल," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलली. ते पत्र पाकिटात घालून, पत्ता लिहून, तिकीट लावून पोस्टात टाकायचं कामही त्यांचंच. बत्तीसातली बक्षिसाची तीन सोडून एकोणतीस पाकिटं त्यांनी भरली होती, आणि त्यातलं एक स्वतःच्या नावाचं.

घरी जाऊन मी ते पुस्तक वाचलं. एका बैठकीत वाचलं, जेवायचं विसरून वाचलं. सदऱ्याच्या कॉलरवरच्या डागावरून ती बाई खुन्यापर्यंत कशी पोचते, ते मला दीडशेपैकी एकशे चाळीस पानं कळलं नाही. अकरा वर्षं इतरांच्या पुस्तकांतल्या ज्या ज्या चुका त्यांनी मला सांगितल्या होत्या, त्यातली एकही त्यांच्या पुस्तकात नव्हती. मेलेला माणूस मेलेलाच राहिला होता. वाचून आनंद व्हायला हवा होता. झाली ती शिसारी. उत्तराताईंची, अनंतरावांची आणि सगळ्यात जास्त माझी. न वाचता पत्र लिहिलं, हे पाप होतंच. पण मी आडनाव वाचलं होतं, आणि तेवढ्यावर त्या बाईनं काय लिहिलं असणार हे ठरवून टाकलं होतं. वर्गात चाळीस वर्षं समतेवर बोललेला माणूस आहे मी.

दुसऱ्या दिवशी नवं पत्र घेऊन गेलो. दोन पानी, मनापासून लिहिलेलं. खास पुरस्कार देऊ म्हणालो. द्रौपदीबाई ऐकून घेत होत्या.

"सर, आधी वाचलं असतंत तर नापास केलं असतंत तरी चाललं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुम्ही काहीही लिहिलंत तरी मला खरं वाटायचं नाही."

पत्र त्यांनी माझ्याच हातात ठेवलं आणि झाडू घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

त्यांनी नोकरी सोडली असती तर माझी सुटका झाली असती. पण सोडली नाही. रोज येतात, पार्सलं फोडतात, शिक्का मारतात. आणि मी काय केलं? माणसाच्या निर्लज्जपणाला तळ नसतो. यंदा सत्तावीस पुस्तकं आली. आठ दिवस ती माझ्या टेबलावर पडून होती. नवव्या दिवशी मी फोन उचलला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, की द्रौपदीबाई, यंदा काय काय आलंय.

पलीकडे शिक्का मारल्याचा आवाज आला.

"मी काय सांगणार, सर," त्या म्हणाल्या. "माझं वाचन कमी आहे."

इतक्या वर्षांत त्या बाईनं पुस्तकाच्या बाबतीत मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. हे पहिलं, आणि तेही माझ्या सहीचं.