मादागास्करच्या लेकरांसाठी शुक्रवारची गोष्ट

बहरीनमधल्या आमच्या हूऱ्याच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकांची मुलं कॅनडाला नाहीतर जर्मनीला आहेत. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "तुमची मुलगी कुठं असते?" की मी सांगते, "मादागास्करला." पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"जावयाचं पोस्टिंग का?"

"नाही, दोघं मिशनरी आहेत. खेड्यातल्या मुलांमध्ये काम करतात."

समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि दारावरचे मजल्याचे आकडे बघायला लागतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. एखादा मजला जास्त मिळाला तर मी आणखी सांगते.

मी मूळची जालन्याची, नर्स. नवऱ्याबरोबर बहरीनला आले आणि इथल्या एका क्लिनिकमध्ये अजून काम करते. लेक इथंच वाढली. मी मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. पुढं शिक्षिका झाली, मिरजेकडच्या एका पाळकाच्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर एका गावात जाऊन राहिली. तिथं दर शनिवारी फणसाच्या झाडाखाली ती गावची मुलं गोळा करते. गाणी, येशूच्या गोष्टी, कुणाला खरचटलं असेल तर मलमपट्टी आणि शेवटी सगळ्यांना भात.

गेल्या हिवाळ्यात ती आठ वर्षांच्या नातीला घेऊन आमच्याकडे राहायला आली. तिकडं चक्रीवादळानं शाळेचे पत्रे उडवले होते, ते बसवायला जावई मागं राहिला. विमानतळावर नात माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, "आजी, मला लई भूक लागली." अस्सल जालन्याचं मराठी. मी लेकीकडे बघतच राहिले.

"तिकडं दुसरं कुणाला कळत नाही ना," लेक म्हणाली. "घरात भांडायला मराठीच सोयीचं पडतं. आणि भांडताना तुझेच शब्द तोंडात येतात, मम्मी."

नातीला सकाळी उठल्याबरोबर भात लागायचा. तिकडं सगळी मुलं भातच खातात म्हणे. माझा नवरा रोज ड्यूटीला जाण्याआधी कुकर लावायचा आणि नातीकडून तिकडच्या मलागासी भाषेतले आकडे शिकायचा. पाचाच्या पुढं तो कधी गेला नाही.

इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही त्याच दिवशी. पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे गेलो. आमच्या चर्चमध्ये मराठी माणसं जास्त, पण शेवटच्या बाकावर चार-पाच परक्या बाया बसत. लोकांच्या घरी कामाला असणाऱ्या, सुट्टी मिळेल त्या शुक्रवारी येणाऱ्या. चेहऱ्यावरून मला त्या फिलिपिनो वाटायच्या. आमच्यात बोलणं फार नव्हतं. मी "सलाम" म्हणायचे, त्या "सलामा" म्हणायच्या. त्यांना तो शब्द नीट म्हणता येत नाही, असं मी धरून चालले होते.

उपासना संपली आणि त्या बाया आपसात बोलायला लागल्या, तशी नात माझा हात सोडून पळाली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि "सलामा" म्हणून जे सुरू झाली ते थांबेचना. त्यांतली एक बाई, इथल्या जुफैर भागात एका घरी मुलं सांभाळणारी, खाली गुडघ्यावर बसली. तिनं नातीचे दोन्ही हात धरले, काही विचारलं, नातीनं उत्तर दिलं आणि ती मोठ्यानं हसली. मग ओढणीनं डोळे पुसायला लागली.

"काय म्हणाल्या गं?" मी लेकीला विचारलं.

"या सगळ्या मादागास्करच्या आहेत, मम्मी. सलामा म्हणजे त्यांचा नमस्कार. ती विचारतेय, एवढ्या लांब आमच्यासारखं बोलणारं लेकरू आलं कुठून?"

आम्ही सगळ्यांना संडेस्कूलच्या खोलीत चहाला बसवलं. जुफैरच्या बाईचा सात वर्षांचा मुलगा गावी तिच्या आईजवळ होता. तिनं माझ्याकडे बघून इथल्या सगळ्यांना कळतं तसं सांगितलं, "फोन, माय सन, दोन मिनिट, खलास. कलाम मफी." बोलणंच नाही. बाकीचं ती लेकीशी मलागासीत बोलली आणि लेक मला सांगत गेली. ती फोनवर विचारायची, जेवलास का? अभ्यास केलास का? पोरगा हो म्हणायचा आणि खेळायला पळायचा. मालकांच्या मुलांना ती रोज झोपवायची, आणि स्वतःच्या मुलाशी काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं.

लेकीनं तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग तिला म्हणाली, "त्याला काही विचारूच नकोस. गोष्ट सांग."

"मला गोष्टी येत नाहीत."

"मी शिकवते. दर शुक्रवारी एक."

पाळकसाहेबांनी खोली वापरायला आनंदानं दिली. पुढच्या शुक्रवारी लेकीनं येशूचा एक दाखला निवडला: एकानं खडकावर घर बांधलं, एकानं वाळूवर, आणि वादळात वाळूवरचं वाहून गेलं. ज्या किनाऱ्यावर दरवर्षी वादळ येतं, तिथल्या लेकराला वाहून जाणारं घर समजावून सांगावं लागत नाही, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे आटपाट नगरानं गोष्ट सुरू होते, तशी त्यांच्याकडे हाक देऊन होते. सांगणारा "आंगानू, आंगानू" म्हणतो, ऐकणारे "आरीरा, आरीरा" म्हणतात, मग पुढं जायचं.

गोष्ट रेकॉर्ड करून मुलाला पाठवायची म्हणून बाईनं फोन हातात धरला, बटण दाबलं आणि तिचा आवाजच फुटेना. पुसलं, परत केलं, परत तेच. मला वाटलं आता ती उठून जाईल. तेवढ्यात नात खुर्ची ओढत तिच्यासमोर आली आणि मांडी घालून बसली.

"फोनकडे नको बघू," ती तिला मलागासीत म्हणाली. "मला सांग."

बाई म्हणाली, "आंगानू, आंगानू."

नात ओरडली, "आरीरा, आरीरा!"

आणि गोष्ट सुरू झाली. मला एक शब्द कळत नव्हता, पण वारा कळला, पाणी कळलं, घर पडलं तेही कळलं. घर पडताना तिनं टेबलावर अशी थाप मारली की माझ्या हातातला चहा सांडला. बाकीच्या बाया तोंडावर हात ठेवून हसत होत्या, आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

पुढच्या शुक्रवारी ती दारातूनच फोन वर धरून आली. मुलाचं उत्तर आलं होतं. आजीच्या ओट्यावर त्यानं शेजारची पोरं जमवून आईची गोष्ट ऐकवली होती. आधी सगळ्यांचं मिळून "आरीरा" ऐकू आलं. मग त्याचा एकट्याचा आवाज. नातीनं मला अर्थ सांगितला, "तो विचारतोय, वाळूवरचा माणूस मग राहायला कुठं गेला?"

"याचं उत्तर काय द्यायचं?" मी लेकीला विचारलं.

"ते तिलाच देऊ दे," लेक म्हणाली.

बाईनं तिथंच विचार करून दिलं. खडकावरच्या माणसानं त्याला आपल्या घरात घेतलं, असं तिनं मुलाला सांगितलं. माझ्या लेकीनं मान डोलावली. नंतर घरी जाताना टॅक्सीत मला म्हणाली, "मी इतकी वर्षं हा दाखला शिकवते, मम्मी. हे मला नव्हतं सुचलं. आता तिकडं गेल्यावर मुलांना असंच सांगणार."

लेक परत जायच्या आधीच्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी तिला सगळ्या मंडळीसमोर आपल्या कामाबद्दल बोलायला बोलावलं. मी नवी साडी नेसले होते. लेक पुढं गेली, आभार मानले आणि म्हणाली, "माझं काम या बाया तुम्हाला दाखवतील." जुफैरची बाई उभी राहिली आणि गोष्ट सांगू लागली. नात शेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. आमच्या मंडळीतली मुलं, जी घरी आई-वडिलांना इंग्लिशमध्येच उत्तर देतात, ती पुढच्या बाकांवर सरकून ऐकत होती. दुसऱ्यांदा "आंगानू" आलं तेव्हा त्यांना काय म्हणायचं ते कुणी सांगावं लागलं नाही. माझा नवरा सहसा भावना दाखवत नाही. त्यानं माझ्या कोपराला धरलं आणि चहा होईपर्यंत सोडलं नाही. मी इकडंतिकडं बघत होते, सगळे ऐकताहेत ना म्हणून. ऐकत होते.

लेक आणि नात गेल्याला आता काही महिने झाले. खोली बंद पडलेली नाही. जुफैरची बाईच ती चालवते, गोष्टही तीच निवडते. झल्लाक भागातल्या एका हॉटेलात साफसफाईला असणारी नवी मलागासी मुलगी परवा पहिल्यांदा आली. तिची लेक अजून बोलायला शिकतेय. तिनं गाणं म्हटलं, मी फोन धरला. मी एवढंच करते, फोन धरते आणि चहा करते. मधे एकदा मी न विचारता सूचना केली, तेव्हा जुफैरच्या बाईनं मला हातानं "थांब" केलं, आणि मी थांबले.

रात्रीच्या जेवणानंतर मी हे सगळं लेकीला फोनवर सांगितलं. तिकडं शाळेवर नवे पत्रे बसले होते आणि पाऊस वाजत होता.

"म्हणजे तिला आता माझी गरज नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं, मम्मी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की ती हसतेय.