उजव्या डोळ्यातला लाल

काही वाक्यं माणसाच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात, एक त्या वाक्याआधीचा आणि एक नंतरचा. आमच्या आयुष्याचे दोन तुकडे करणारं वाक्य हायडेलबर्गच्या एका इस्पितळात, न्यूरोलॉजी विभागात, ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी उच्चारलं गेलं. मी ते ऐकलं नाही. मी तेव्हा बाहेर कॉफीच्या मशीनमध्ये अडकलेलं नाणं काढत होते.

नाणं निघालं नाही. परत आले तर डॉक्टरबाई माझ्या मुलाच्या, ईशानच्या, खोलीतून बाहेर पडत होत्या. पुण्यात असते तर त्यांनी मला कोपऱ्यात नेलं असतं आणि पेशंटला किती सांगायचं ते आम्ही दोघींनी ठरवलं असतं. इथे उलटं असतं. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, म्हणजे आजार त्याचा, कागद त्याचे, आणि आईला सांगायचं की नाही हेही त्यानंच ठरवायचं. मी विचारलं तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलाला विचारा."

मुलानं दोन दिवसांनी सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लास्टिक सोलून निघावं आणि दिवा मिणमिणावा, तसं. दिवा कुठला, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. ईशानचा उजवा डोळा होता.

ईशान बेसबॉल खेळतो. हे वाक्य मी एकोणीस वर्षं नातेवाइकांना समजावत आले आहे. "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" असं ते विचारतात आणि मी हो म्हणते, कारण नाही म्हटलं तर जेवण थंड होतं. हायडेलबर्गमध्ये पूर्वी अमेरिकन सैन्य होतं. त्या लोकांमुळे इथे बेसबॉल रुजला, आणि सातव्या वर्षी वर्गातला एक मित्र ईशानला मैदानावर घेऊन गेला. तो शॉर्टस्टॉप झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उभं राहायचं, जमिनीलगत सुसाटत येणारा चेंडू उचलायचा आणि पळणारा पोचायच्या आत पहिल्या बेसकडे फेकायचा. माझा नवरा श्रीकांत कॉलेजात क्रिकेट खेळलेला. "ग्लोव्ह घालून काय, कोणीही पकडेल," असं तो दोन वर्षं म्हणायचा. मग एका रविवारी पालकांच्या सामन्यात तो त्या जागी उभा राहिला. पहिलाच चेंडू नडगीवर बसला. त्यानंतर तो असं म्हणाला नाही.

अठराव्या वर्षी ईशानला एका अमेरिकन क्लबनं घेतलं, अर्थात अगदी खालच्या श्रेणीत. चार वर्षं तो अशा गावांतून बसनं फिरला, ज्यांची नावं मला नकाशात शोधावी लागायची. मग एका सकाळी त्याला ऑफिसात बोलावून चार मिनिटांत मोकळं केलं. तो परत आला. जर्मनीतल्या पहिल्या लीगमध्ये खेळू लागला आणि आठवड्यातून तीन दिवस क्लबच्या मुलांना शिकवू लागला, कारण इथे नुसत्या बेसबॉलवर भागत नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या एका अमेरिकन क्लबनं विचारलं. फेब्रुवारीत अ‍ॅरिझोनाला या, शिबिरात खेळा, तिथे वैद्यकीय तपासणी झाली की करार. शॉर्टस्टॉपच्या आयुष्यात सव्विसावं वर्ष म्हणजे उतरत्या दुपारची वेळ. हे शेवटचं दार आहे, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यानं विमानतळासमोर जुना ग्लोव्ह हातात धरून काढलेला फोटो इंटरनेटवर टाकला आणि ही बातमी जाहीर केली.

पहिलं लक्षण सप्टेंबरमध्ये दिसलं. अगदी साधा चेंडू त्याच्या ग्लोव्हखालून निघून गेला. असा चेंडू तो दहाव्या वर्षीही सोडत नसे. चार दिवसांनी डोळा फिरवला की दुखू लागला. आम्हाला सायनस वाटलं. मी वाफ घ्यायला लावली. तुमच्या घरात कोणाचा डोळा हलवताना दुखत असेल आणि रंग फिके दिसत असतील, तर वाफेत वेळ घालवू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेनाचं लाल टोपण त्याच्यासमोर धरलं. आधी डावा डोळा झाकायला सांगितला, मग उजवा. डाव्या डोळ्याला टोपण लाल दिसत होतं, उजव्याला जुन्या विटेसारखं. बेसबॉलवर लाल दोऱ्याची शिवण असते. ती कशी फिरते यावरून चेंडू कुठे उडेल ते खेळाडू ओळखतो. ईशानला गेले दहा दिवस चेंडूवर शिवणच दिसत नव्हती. त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. पुढच्या आठ दिवसांत एमआरआय झाला. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. ते झाल्यावर ईशान दिवसभर उताणा पडून छताकडे बघत होता. पाच दिवस शिरेतून सूज उतरवणारं कॉर्टिझोन दिलं. त्यानं तोंडाला धातूची चव येते आणि भूक राक्षसासारखी लागते. तो सकाळी सलाइन लावून घ्यायचा, दुपारी आमच्याकडे येऊन तीन ताटल्या पोहे खायचा आणि झोपायचा. वेटिंग रूममध्ये जाताना स्वेटर न्या, आणि फोनवर आजाराचं नाव शोधू नका. मी स्वेटर नेला होता.

निदान झाल्यावर त्यानं डॉक्टरांचं चार पानी पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. आम्ही वाचावं म्हणून. ईशानला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो जर्मनमध्ये देतो. त्या दिवशी मात्र मुद्दाम मराठीत बोलला, आम्ही नंतर समजलं नाही असं म्हणू नये म्हणून.

"कोणालाही सांगायचं नाही. डोळा किती परत येतो ते तीन महिन्यांनी कळेल. मग क्लबला मी स्वतः सांगणार. मी. ओके?"

मी ओके म्हटलं. दुसऱ्या दिवशी चारही पानांचे फोटो काढून पुण्याला माझ्या भावाला पाठवले.

यावर माझ्याकडे बचाव नाही, फक्त सवय आहे. अण्णा फिजिशियन आहे. आमच्या माहेरी कोणताही आजार अण्णानं बघितल्याशिवाय खरा मानला जात नाही. माझं बाळंतपण, श्रीकांतचं बीपी, ईशानचे कानदुखीचे रिपोर्ट, सगळं तीस वर्षं त्याच्याकडे जात आलं आहे. भावाला सांगणं हे सांगणं असतं असं मला वाटलंच नाही.

अण्णानं पत्र नीट वाचलं आणि उपचार बरोबर आहेत असं कळवलं. म्हणजे जे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तेच, फक्त आता ते मला खरं वाटलं. मग त्यानं वहिनीला सांगितलं, कारण बायकोला सांगणं हेही त्याच्या लेखी सांगणं नव्हतं. वहिनीनं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात शतावरी, केरळमधले एक वैद्य आणि एक स्तोत्र आलं. मी फोन करून ते काढायला लावलं. वहिनीनं लगेच काढलं, माफीही मागितली. पण त्याआधी ती ईशानच्या त्या विमानतळाच्या फोटोखाली, सगळ्या जगाला दिसेल असं, इंग्रजीत लिहून आली होती, की इच्छाशक्तीपुढे एमएस काहीच नाही आणि आम्ही सगळे प्रार्थना करतो आहोत. शेवटी जोडलेले हात, सहा वेळा.

दोन दिवसांनी अमेरिकन क्लबच्या डॉक्टरांचा ईशानला फोन आला. फार सौजन्यानं बोलले. कागद मागितले. डिसेंबरच्या सुरुवातीला ईमेल आला. त्यात ईशानच्या धैर्याचा गौरव होता, त्याच्या प्रवासाला शुभेच्छा होत्या, आणि शिबिराचं आमंत्रण मागे घेतल्याचं तिसऱ्या परिच्छेदात, एका ओळीत होतं.

तो आमच्याकडे आला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. आधी वहिनीची ओळ, मग ईमेल.

"मामाला तू पाठवलंस?"

"तो डॉक्टर आहे रे," मी म्हटलं.

"डॉक्टर आहे," ईशान म्हणाला. "माझा नाही."

मग कोट घालून त्याच्या भाड्याच्या खोलीवर निघून गेला. श्रीकांत त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेला आणि एकटाच परत आला. वहिनी फोनवर रडली. तिच्यावर मला रागावता येईना. मी जे लपून केलं ते तिनं उघडपणे केलं, एवढाच आमच्यात फरक होता.

त्यानंतर अबोला असा नव्हता. मी मेसेज पाठवला की 'आलेस गुट' असं उत्तर यायचं, सगळं ठीक. जर्मनमध्ये त्या दोन शब्दांवर माणूस एक अख्खा हिवाळा काढू शकतो. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं औषध सुरू झालं, ते सलाइनमधून देतात. पहिल्या वेळी तो एकटाच गेला. डोळा हळूहळू परत आला. तक्त्यावरची शेवटची ओळ त्याला पुन्हा वाचता येऊ लागली. हे मला श्रीकांतकडून कळायचं. मला जे कळत नव्हतं, आणि जे मी रोज स्वतःला विचारत होते, ते एवढंच: मी गप्प बसले असते तर फेब्रुवारीत तो तपासणीत पास झाला असता का? शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा डोळा घेऊन गेला असता. मग पुढचं त्यानं स्वतः सांगितलं असतं, खेळून दाखवल्यावर.

जूनमधल्या सलाइनला माझी गरज पडली. त्याआधी ॲलर्जीचं औषध देतात, त्यानं गुंगी येते, आणि गाडी चालवायची नसते. श्रीकांत कामासाठी हॅनोव्हरला गेला होता. मी चार तास ईशानशेजारच्या खुर्चीवर बसले. तिथल्या नर्सनं मला न विचारता चहा आणून दिला आणि ईशानला म्हणाली, "आज आईला घेऊन आलात, बरं केलंत." आमच्यात काय झालं होतं ते त्यानं तिला सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे, आणि तिचीही. आम्ही दोघं सलाइनचे थेंब बघत बसलो. गाडीत तो झोपला. सिग्नलवर मी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी झोपायचा तसाच, तोंड थोडं उघडं टाकून.

जुलैच्या पहिल्या रविवारी तो लीगचा सामना खेळला. चौतीस डिग्री तापमान होतं. मी मागच्या बाकावर बसले होते, त्याच्या नजरेत येणार नाही अशी. पहिल्या तीन डावांत सगळं जुनं होतं. वाकणं, उचलणं, फेकणं, आणि फेकल्यावर हाताकडे न बघता वळणं. चौथ्या डावात एक जोरदार चेंडू त्याच्या उजवीकडून गेला. तो हललाच नाही. त्यानं पंचांकडे हात वर केला, ग्लोव्ह काढला आणि स्वतःच मैदानाबाहेर चालत आला.

याला उथॉफ फेनॉमेनन म्हणतात. अंग तापलं की दुखावलेल्या नसेतून संदेश जायचा मंदावतो आणि नजर धुरकट होते. अंग थंड झालं की परत येते. धोका नाही. फक्त शॉर्टस्टॉपला उन्हात खेळावं लागतं.

मी पाण्याची बाटली घेऊन गेले. तो डोक्यावर बर्फाचा टॉवेल ठेवून बसला होता. मी बाटली उघडून त्याच्या हातात दिली. तो मराठीत बोलला.

"आई, फेब्रुवारीत कळलं नसतं. फेब्रुवारीत तिकडे गार असतं." त्यानं टॉवेल उलटा केला. "मेमध्ये कळलं असतं. मेमध्ये अ‍ॅरिझोनात चाळीस असतं. सगळ्यांसमोर."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

हे खरं आहे, का टॉवेलखाली बसून त्यानं ते माझ्यासाठी तयार केलं, ते मला माहीत नाही. मी मेमधलं तिथलं तापमान अजून पाहिलेलं नाही. पाहणारही नाही. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर माझं सांगणं एवढंच आहे. घरातल्या माणसाचा आजार कोणाला तरी दाखवायची ज्याला त्याला घाई असते. पण तो ज्याचा आहे त्यानं दाखवेपर्यंत थांबा. आणि त्यानं नंतर तुम्हाला काही दिलं, तर ते तपासून बघू नका.

ईशान आता खेळत नाही, सकाळच्या थंड वेळी मुलांना शिकवतो. नवीन दुखणं वर्षभरात उद्भवलेलं नाही. उजव्या डोळ्याला लाल अजून विटेसारखंच दिसतं. तसंच राहील, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. या वेळी मी खोलीत होते. त्यानंच मला आत बोलावलं होतं.

या सप्टेंबरमध्ये इथल्या क्लबनं त्याचा निरोप समारंभ केला. अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. ईशानच्या नावाचा शर्ट काचेच्या फ्रेममध्ये घालून त्याला अर्पण करण्यात आला, आणि ही फ्रेम पुढच्या पिढ्यांना स्फूर्ती देत राहील असंही सांगण्यात आलं. फ्रेमचं वजन अकरा किलो आहे. आमच्या भिंती प्लास्टरबोर्डच्या आहेत, त्या पाच किलोच्या वर काही पेलत नाहीत, म्हणून ती तळघरात वॉशिंग मशीनच्या मागे उभी केली आहे.