ढालीतून काढलेली हातोडी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मुकुंदवाडीत स्टेशनजवळ माझं फ्लेक्स-डिझाइनचं दुकान आहे. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्या माणसाला कसली आलीत भुतं? तरी हे लिहितोय... कारण यात चूक माझी आहे, आणि ती मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी इथल्या एका पंचायत समितीनं (नाव टाळतो) तालुक्यासाठी बोधचिन्ह मागवलं होतं. मला शाळेत चित्रकला शिकवलेले साळवे सर एका दुपारी कागदाची गुंडाळी घेऊन दुकानात आले.

"जय भीम, प्रकाश. मला ते कॉम्प्युटरचं जमत नाय. तेवढं साफसूफ कर अन् माझ्या नावानं देऊन टाक."

ढालीच्या आकारात डोंगर, बाजरीचं कणीस आणि खाली खडी फोडायची छोटी हातोडी.

"हातोडी कशाला, सर?"

"अरे, बहात्तरच्या दुष्काळात इथले लई रस्ते बायांनी खडी फोडून केले. माझी माय त्यातच होती. तिथं खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची माझ्यासाठी. डोंगर म्हणजे जमीन, कणीस म्हणजे पोट, अन् हातोडी म्हणजे त्या बाया."

पंचायत समितीच्या ऑफिसात साहेब चित्र बघून हसले. "कणीस आणि हातोडी? अहो, लाल बावट्यासाठी मतं मागायला निघालात का? काढा ती. तिथं कारखान्याचं चाक टाका. बाकी झकास आहे... केलंय कुणी?"

"मीच," मी म्हणालो.

का म्हणालो? साहेब कौतुकानं बघत होते, एवढंच. सरांना सांगितलं, तुमचं पसंत पडलं नाही. हातोडीच्या जागी चाक टाकलं आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. चिन्ह ऑफिसच्या जीपवरही लागलं.

महिन्याभरानं सर दुकानात आले. मी फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा, आयलेट, ठोकत होतो.

"जीपवरचं कणीस तर माझंच दिसतंय," ते हसून म्हणाले. "उजवीकडं वाकलेलं. नाव राहू दे रे, नावाचं काय एवढं! पण माय कुठं गेली?"

मी मान वर केली नाही. ठोकत राहिलो... टक, टक, टक. सर निघून गेले. त्याच हिवाळ्यात ते वारले.

गेल्या वर्षी ऑफिसची नवी इमारत झाली. कोनशिलेवर चिन्ह कोरून घ्यायचं काम माझ्याकडं आलं, ते मी खुलताबादच्या रस्त्यावरच्या पाथरवट रशीदचाचांना दिलं. पहिल्या दगडाचा चाकाच्या जागी टवका उडाला. दुसऱ्याचाही, तिथंच.

"पत्थर में खोट नहीं मियाँ," चाचा वैतागले. "चालीस साल से कोर रा हूं मैं."

तिसरा दगड पुरा झाल्यावर मी स्वतः बघितला, हात फिरवून बघितला. नंतर चाचांनी तो गोणपाटात गुंडाळला. भर दुपार. मशीन बंद, आम्ही दोघं समोरच भाकरी खात बसलेलो. आणि आवाज आला. टक, टक, टक.

"कौन ठोक रा जी?" चाचा उठले.

कुणीच नव्हतं. गोणपाट सोडून बघितलं, तर चाकात ताजा पांढरा टवका आणि खाली दगडाचा भुगा.

मी तिथंच चाचांना हातोडीची गोष्ट सांगितली. सरांचं नाव मात्र घेतलं नाही. ते लगेच म्हणाले, "तो हातोडी कोर दूं? खड्डा तो तैयार है."

"नको, साहेबांना चालणार नाही," मी म्हणालो. दुसऱ्यांदा काढलं सरांच्या मायला.

खड्ड्यात पुट्टी भरून कोनशिला बसवली. पुट्टी टिकत नाही. दर थोड्या दिवसांनी ऑफिसातून फोन येतो. परवा गेलो, तर शिपाई सांगत होता, "दुपारच्याला कुणी तरी ठोकतंय सायेब. बघावं तर कुणी नाय."

दगडावर खाली 'संकल्पना' लिहून माझं नाव कोरलंय. त्याच्या अक्षरांत पांढरा भुगा साचला होता. मी तो नखानं काढला, पुट्टी भरली आणि घरी आलो.

दगडात दोष असेल, पुट्टी हलकी असेल... पण तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला, त्याचं काय? चिन्हात हातोडी परत आणा आणि माझ्या जागी सरांचं नाव टाका, असं ऑफिसला पत्र लिहून ठेवलंय. आठ दिवस झाले, ते खिशातच आहे. दगड का फुटतो हे मला आजही माहीत नाही. माय कुठं गेली, असं सरांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर मात्र त्या दिवशीही माहीत होतं.