ओल्या रंगाचा बैल

माझ्या आत्याच्या फोनला हॅलो नसतं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी गालाला साबण फासून आरशापुढं उभा होतो, फोन वाजला आणि तिकडून सरळ हुकूम आला, "यंदा तुही पोरगी पोयात उभी राहाले पाह्यजे. बैल घेऊन येजो." मी तोंडात गेलेला फेस थुंकून होकार देईपर्यंत फोन बंद झालेला होता.

पुण्याच्या फ्लॅटमधून बैल न्यायचा म्हटल्यावर कुणालाही काळजी वाटेल, म्हणून आधीच सांगतो, बैल लाकडाचा. दीड फूट उंच, सागाचा, खाली चार चाकं. वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा, हा लहानांचा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून देवळापुढं तोरणाखाली रांगेत उभे करतात आणि मग घरोघर फिरवून बोजारा गोळा करतात, म्हणजे कुणाकडून नाणं, कुणाकडून लाडू, कुणाकडून नुसतंच कौतुक. माझं लहानपण अमरावतीत गेलं, पण पोळ्याला मी नेहमी आत्याच्या गावी, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. तिथं हाच बैल मी ओढलाय. लेक झाली तेव्हा आत्यानं तो माझ्या सामानात कोंबला आणि पोरगी मोठी झाली की दोघांनाही घेऊन ये, असं बजावलं. सहा वर्षं बैल माळ्यावर होता. मुलगी पहिलीत गेली, तिच्या मागून आलेला भाऊ तीन वर्षांचा झाला, आणि आत्याचा धीर संपला.

बातमी ऐकल्यापासून लेक जमिनीवर नव्हती. तिनं शाळेत सांगून टाकलं की आम्ही रेल्वेनं बैल घेऊन गावाला जाणार आहोत. बाईंनी डायरीत नाजूक शब्दांत चौकशी केली. संध्याकाळी पार्किंगमध्ये सराव सुरू झाला. भावाच्या कमरेला ओढणी बांधून ती त्याला रांगेत उभं करायची, आणि तोही हंबरायचा. रात्री झोपताना एकच प्रश्न, रांगेत मी कुठं उभी राहणार. तिला जिंकायचं नव्हतं. तिला फक्त त्या तोरणाखाली, आपला बैल घेऊन, सगळ्यांसारखं उभं राहायचं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, कारण इथपर्यंत मी काही केलेलं नव्हतं.

बैलाचा रंग पार उडालेला होता. समजूतदार माणसानं तो तसाच नेला असता. मी निघायच्या दोन दिवस आधी ऑइल पेंटचे दोन डबे घेऊन आलो. बैल कसा रंगवायचा हे लेकीला विचारलं. तिनं आयुष्यात निरखून पाहिलेलं एकच जनावर म्हणजे दुधाच्या पिशवीवरची गाय, त्यामुळे ती म्हणाली पांढरा आणि त्यावर काळे ठिपके. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की तो बैल आहे, त्याचं दूध काढायचं नाहीये. मी तिला मुलांच्या कल्पनाशक्तीवर एक छोटं भाषण दिलं आणि ठिपके काढले.

श्रावणातल्या पुण्यात बाल्कनीत टॉवेल वाळत नाही, तिथं ऑइल पेंट काय वाळणार. मी त्याला पंख्याखाली ठेवला, बायकोचा हेअर ड्रायर लावला. वर पातळ साय धरली, खाली रंग तसाच. निघायच्या दिवशी मी बोटानं हळूच दाबून पाहिलं आणि बोटाचा ठसा बैलाच्या पाठीवर कायमचा राहिला. बायकोनं गुंडाळायला जुनं मऊ लुगडं काढून दिलं. मी म्हटलं, वर्तमानपत्र ओल शोषून घेतं, हे विज्ञान आहे. आणि रविवारची जाड पुरवणी घेऊन मी बैलाला शिंगांपासून चाकांपर्यंत लपेटलं.

गाडीत बैलाला खिडकी मिळाली. दोन्ही मुलं त्याच्या शेजारी. सकाळी अकोल्याला पांढऱ्याशुभ्र पायजम्यातले एक गृहस्थ चढले. बसायला जागा करावी म्हणून त्यांनी गाठोडं जरा सरकवलं, मग आपला तळवा पाहिला. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमच्या बैलाचा रंग वला हाये."

मी म्हटलं, छे छे, दोन दिवस झाले वाळून.

त्यांनी तळवा माझ्यासमोर धरला. वाद संपला. मी रुमाल पुढं केला, तोवर काळा डाग पायजम्यावर जाऊन बसला होता. रागावले मात्र नाहीत. बडनेरा येईपर्यंत त्यांनी लेकीला त्यांच्या लहानपणच्या बैलाची सगळी हकिकत सांगितली आणि पिशवीतली केळी दोघा पोरांना खायला घातली. माझ्याकडे अधूनमधून पाहत होते, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहतात तसे.

आत्या अंगणात वाट पाहत उभी होती. तिचे यजमान, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, मागं उभे. मामाजींचा झेंडू आणि भाजीपाला अमरावतीच्या बाजारात जातो. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन बैलांशी. लेकीनं पाया पडायच्याही आधी बैल मागितला. मी मोठ्या थाटात कागद सोडायला घेतला.

तो सुटेना. टोक ओढलं की तुकडा हातात आणि बाकीचा कागद बैलाला चिकटलेला. पाठीवर कागद, पोटावर कागद, एका कानावर पावसाचा अंदाज. मधून कुठं कुठं काळा ठिपका डोकावत होता. आत्यानं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "बाबू, म्या बैल देला होता. तू हे काय आनलं?"

लेकीनं बैलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आईच्या पदराआड जाऊन म्हणाली की तिला उभं राहायचं नाहीये, सगळे हसतील. आई-भावाची समजूत, आत्याचा चिवडा, कशाचा उपयोग झाला नाही. इतक्या दिवसांचा तो सराव एका मिनिटात पार्किंगमध्ये परत गेला.

अशा वेळी बापानं गप्प बसावं. मी मामाजींच्या मोटरसायकलमधून चिंधीभर पेट्रोल काढलं आणि गोठ्यामागं जाऊन बैल पुसू लागलो. कागद थोडा निघाला, रंगही निघाला, आणि उत्साहाच्या भरात उजवा डोळा साफ पुसून निघाला. आता बैल कागदी, ठिपकेदार आणि एका डोळ्याचा होता. आत्यानं मागून येऊन चिंधी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "तू आता बाजीवर बस. उठू नको."

मी खाटेवर बसलो. त्या मुक्कामातला माझा सगळ्यात उपयोगी निर्णय तोच.

त्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना कोमट पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आमंत्रण देतात. उन्हं उतरल्यावर मामाजींनी दोन्ही बैल अंगणात आणून उभे केले. आत्यानं कुणाला काही न विचारता आपला लाकडी बैल आणला आणि त्या दोघांच्या शेजारी, तिसरा म्हणून, जमिनीवर ठेवला. मग पळसाचं एक पान लेकीच्या हातात दिलं आणि आपल्या कामाला लागली.

लेक जरा वेळ पान हातात धरून उभी राहिली. मामाजी पान पाण्यात बुडवून बैलाच्या खांद्यावर धरत होते, बैल डोळे मिटून उभा होता. मग ती खाली बसली. तिनं पान बुडवलं आणि लाकडी बैलाच्या पाठीवर धरलं. कोमट पाण्यानं कागद भिजला. आत्यानं तिला तूप-हळदीची वाटी दिली आणि अंगठ्यानं गोल गोल कसं चोळायचं ते दाखवलं. कागदाच्या वळ्या होऊन खाली पडायला लागल्या. तिथं माझं विज्ञान हरलं. धाकटा चाकांना तूप लावत होता, आणि स्वतःलाही.

मामाजींनी पहिल्या बैलासमोर वाकून हात जोडले आणि त्याला उद्या जेवायला बोलावलं. मग दुसऱ्याला. मग ते वळले, आणि त्यांच्या पाठीमागून लेकीचा आवाज आला.

"ह्याला पण सांगा ना."

मामाजी थांबले. गुडघ्यांना त्रास असलेला तो माणूस हळूहळू पार जमिनीपर्यंत वाकला, माझ्या त्या एकाक्ष बैलासमोर हात जोडून म्हणाला, "तुमी बी या हो उद्या, जेवाले."

लेकीनं बैलाच्या वतीनं मान हलवली. बाजेवर बसून मी उगाच आकाशाकडं पाहत होतो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पेट्रोल डोळ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बैल पुरणपोळी जेवले. तिसऱ्याच्या वाट्याची धाकट्यानं खाल्ली. दुपारी लेकीनं बैल नीट तपासायला घेतला आणि ओरडत आली. कागद निघाला होता, पण त्याची शाई पोटावर उमटली होती, उलट्या अक्षरांत. आत्यानं तिला कुंकवाच्या करंड्याचा छोटा आरसा काढून दिला. लेक नुकतीच जोडाक्षरं शिकलेली. अंगणात पालथी पडून, आरसा बैलाच्या पोटाखाली धरून, ती एकेक अक्षर वाचू लागली.

"नि-र्व्य-स-नी. बाबा, निर्व्यसनी म्हणजे?"

मी म्हटलं, जो तंबाखू वगैरे खात नाही तो.

"शा-का-हा-री."

"मंग खरंच हाये तं," आत्या म्हणाली. "बैल काय मटन खाते का?"

मी रविवारच्या पुरवणीतला नेमका वधू-वरांच्या जाहिरातींचा भाग वापरला होता. त्याच्या पुढंही 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' असं काहीतरी होतं. सहा वर्षं माळ्यावर काढलेल्या बैलाबद्दल तेही खोटं नव्हतं. ते पुसायचं का, असं आत्यानं विचारलं, तर लेक म्हणाली नको, तो चांगला आहे असं लिहिलंय.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आत्यानं काजळाची डबी दिली आणि पुसलेला डोळा लेकीनं स्वतः काढला. तो दुसऱ्यापेक्षा बराच मोठा झाला, त्यामुळे बैल सतत कशानंतरी चकित झाल्यासारखा दिसत होता. मामाजींनी झेंडूची माळ घातली. हळद मुरून बैल पिवळसर झाला होता, ठिपके तेवढे शाबूत.

देवळापुढं तीसेक बैल असतील. पॉलिश केलेले, झुली घातलेले, बेगडी शिंगांचे, काही तर पोरांपेक्षा उंच. तोरणाखाली आमची लेक आपला बैल घेऊन मधोमध उभी राहिली, पाठ ताठ, दोरी दोन्ही हातांत. मी गर्दीत, दुसऱ्या कुणाचा बाप असल्यासारखा चेहरा करून. शेजारच्या पोरानं आमच्या बैलाकडं खालून वर पाहिलं आणि मला ज्याची भीती होती ते विचारलं.

"हा बैल होय का गाय होय?"

लेकीनं दोरी सोडली नाही.

"बैल आहे," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी रंगवलाय. त्यांना येत नाही."

पोरानं समजूतदारपणे मान हलवली. "माह्या बाबालेबी नाई येत," तो म्हणाला, आणि दोघं पुढं पाहू लागले.

बक्षीस अर्थातच एका झुलवाल्याला गेलं. लेकीनं ते पाहिलंही नाही, तिला बोजाऱ्याची घाई होती. दुपारपर्यंत ती आणि भाऊ गावभर बैल ओढत फिरले, आणि दर घरी बैल निर्व्यसनी असल्याचं आपण होऊन सांगत होते.

निघताना आत्यानं बैल परत दिला नाही. तो इथंच राहील, तुमी लेकरं घेऊन येत जा, म्हणाली. मी वाद घातला नाही. बोलण्यासारखी माझी परिस्थितीच नव्हती.

आठ दिवसांनी, मी पुन्हा गालाला साबण लावून उभा असताना, फोन वाजला.

"वायला," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला.

रंग वाळला होता.